घरच्यांनाही एकदा बोलवा : सैनिक कल्याण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसेच जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, मुंबई शहर व मुंबई उपनगर

महोदय,
सा. न. वि. वि.

सशस्त्र सेना ध्वजदिन दरवर्षी ७ डिसेंबरला असतो, १९४९ सालापासून. शाळेत असताना निधीची तिकिटं मीही विकली आहेत, आणि फौजीची मुलगी म्हणून जरा जास्तच तोऱ्यात विकली आहेत. तुमच्या विभागाचं काम मी लहानपणापासून जवळून पाहिलं आहे. शिष्यवृत्ती, मुलामुलींची वसतिगृहं, विधवांना मदत, पेन्शनचे अडलेले कागद. यातल्या काही गोष्टींचा लाभ आमच्या घरानेही घेतला आहे. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं नाही, मागणीचं आहे. मागणी छोटी आहे, म्हणून आधीच लिहून टाकते.

माजी सैनिक तुमच्याकडे नोंदणीला येतो, तेव्हा त्याच्या बायकोला आणि जाणत्या मुलांना एकदा वेगळं बोलवा आणि विचारा, घरी कसं चाललंय?

वेगळं म्हणजे त्याच्या गैरहजेरीत. त्याच्यासमोर आम्ही काही बोलणार नाही. मी चाळिशी ओलांडली तरी अजून बोलत नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यातले. १९७७ साली पायदळात भरती झाले, १९९४ साली हवालदार म्हणून पेन्शन आले. पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे त्यांची अजून इज्जत आहे आणि ती तशीच राहावी. या सतरा वर्षांतली दोन वर्षं त्यांनी श्रीलंकेत काढली. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे उतरली. तमिळ वाघांनी, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या एलटीटीईने, शस्त्रं खाली ठेवायची, आपण देखरेख करायची, असं ठरलं होतं. ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढाई जुंपली. सुरुंग, झाडावरून होणाऱ्या गोळ्या, जाफन्याच्या अरुंद गल्ल्या, आणि समोरचा माणूस शेतकरी आहे की लढवय्या हे कळायला काही मार्ग नाही. सुमारे १,२०० भारतीय सैनिक तिथे मारले गेले. या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र मिळालं ते ८ महार पलटणीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीसाठी, मरणोत्तर. ते जन्माने मुंबईकर होते. किती मुंबईकरांना हे ठाऊक आहे? मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला परतल्या तेव्हा त्यांच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्रीसुद्धा गेले नाहीत. १९७१ च्या फौजीला गावाने खांद्यावर घेतलं होतं. श्रीलंकेहून आलेल्याला लोक विचारायचे, तिकडे कशाला गेला होता?

वडिलांनी याचं उत्तर कधी दिलं नाही. त्या दोन वर्षांबद्दल त्यांच्या तोंडून मी जे ऐकलं आहे ते एका पोस्टकार्डावर मावेल.

पेन्शन आल्यावर ते आम्हाला घेऊन मुंबईत आले. काका आधीपासून भांडुपला होते, एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात. त्यांच्या ओळखीने डोंगराच्या चढावर एका चाळीत खोली मिळाली आणि वडिलांना सिक्युरिटी गार्डची नोकरी. साताऱ्याचे, कोकणातले, कोल्हापूरचे असे कितीतरी फौजी तुम्हाला या शहरात बँकेच्या, टॉवरच्या, मॉलच्या दारात उभे दिसतील. पस्तिशी-चाळिशीत फौज सोडायची आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्याचं गेट सांभाळायचं. वडील रात्रपाळी मागून घ्यायचे. बाकीचे गार्ड त्यांच्यावर खूश असायचे, सुपरवायझर तर फारच. दिवाळीत, गणपतीत, थर्टी फर्स्टला सगळ्यांच्या रात्री ते स्वतःच्या अंगावर घ्यायचे. चाळीत म्हणायचे, काय दिलदार माणूस आहे! आम्हाला घरात ठाऊक होतं की त्यांना अंधारात आडवं व्हायचं नसतं, एवढंच.

फटाक्यांबद्दल आधी सांगते, कारण आजकाल दिवाळी आली की माजी सैनिकांना फटाक्यांचा त्रास होतो असे मेसेज फिरतात. होत असेल, कोणाकोणाला. आमच्या घरात फटाक्यांनी फारसं बिघडत नसे. दिवाळी कधी आहे हे माहीत असतं, मन तयार असतं. बिघडायचं ते नुकत्या खणलेल्या मातीने.

मुंबईत वर्षभर कुठे ना कुठे खणलेलं असतं. तेव्हा टेलिफोनच्या केबली पडत होत्या, मग गॅसची पाइपलाइन आली, मग इंटरनेटवाले आले, आणि पाणी-गटार तर कायमचंच. चर बुजवला की वर ओली लाल माती राहते. वडील त्या मातीवर पाय ठेवत नसत. फूटपाथ सोडून भर रस्त्यातून, रिक्षांच्या मधून चालतील, पण त्या पट्ट्यावरून नाही. आम्हालाही जाऊ देत नसत. भाजी आणायला स्टेशनकडे निघालो की आमची वरात एकामागे एक, दोघांत पाच-सहा पावलांचं अंतर. सगळ्यात पुढे ते, मग दादा, मग मी, शेवटी आई पिशव्या घेऊन. मी पळत जाऊन त्यांचं बोट धरलं तर ते बोट सोडवून मला मागे सरकवायचे. ओळखीच्या बायका आईला विचारायच्या, भांडण झालंय का गं तुमचं? अंतर कशासाठी असतं हे मला कॉलेजात गेल्यावर कुठेतरी वाचून कळलं. सुरुंग फुटला तर एकच जावा, सगळे जाऊ नयेत, म्हणून. सहा-सात वर्षं आम्ही भांडुपच्या बाजारात गस्त घालत होतो आणि मला वाटायचं की पप्पांना माझा हात धरायला आवडत नाही.

एप्रिल-मे महिन्यात स्टेशनबाहेर ताडगोळेवाले बसतात. आमच्या घरात ताडगोळे आले नाहीत. जाफन्याचा सगळा मुलूख ताडाच्या झाडांचा आहे, हे मी शाळेच्या नकाशात शिकले नाही, घरात शिकले. सकाळी सायकलवर भोंपू वाजवत इडलीवाला अण्णा यायचा. चांगला माणूस, आम्हा पोरांना चटणी जास्त द्यायचा. तो पलीकडच्या अण्णाशी तमिळमध्ये बोलायला लागला की वडील चहाचा कप तसाच ठेवून आत जायचे. यात कोणी द्वेष शोधू नये. पावसात त्याची सायकल घसरली, पाय मोडला, तेव्हा चाळीत वर्गणी काढायला पहिले वडीलच फिरले होते. त्यांना त्या माणसाचा राग नव्हता. ती भाषा त्यांनी ज्यांच्या तोंडून ऐकली होती, ते लोक त्यांच्या डोळ्यांसमोर येत असावेत. जाफन्यातल्या घरांतही मुलं अशीच वाढली, आणि त्यांच्या वाट्याला आमच्याहून फार वाईट आलं, हे मला माहीत आहे. त्यांचं पत्र ती लिहितील.

आता दादाबद्दल. लिहायला सगळ्यात अवघड हेच.

आम्ही मुंबईत आलो तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता. मिसरूड फुटत होतं, आवाज फुटत होता. त्याआधी सुट्टीवर आलेले वडील त्याला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे, हे मला अंधूक आठवतं. भांडुपला आल्यावर त्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं. अक्षरशः. जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायचे. निरोप द्यायचा तर माझ्याकडे द्यायचे, "त्याला सांग". तो अचानक दारात येऊन उभा राहिला की ते दचकून उठायचे आणि मग त्या दचकण्याचा राग त्याच्यावर निघायचा. त्यांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, असं मला इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दादा शिकायला म्हणून हॉस्टेलवर गेला तो नंतर पाहुणा म्हणूनच घरी आला.

त्या पोस्टकार्डावरचं एक वाक्य या संदर्भातलं आहे. मी तेव्हा बारावीत होते. टीव्हीवर श्रीलंकेची काही बातमी चालली होती आणि वडील कोणाकडेही न बघता म्हणाले, "पोरं होती. शाळेच्या वयाची." वाघांनी अल्पवयीन मुलांच्या हातात बंदुका दिल्या होत्या हे जगाला माहीत आहे. त्यापुढे काय झालं, कोणी काय केलं, हे मी विचारलं नाही. आजही विचारणार नाही.

आईने काय केलं, ते तुमच्या कुठल्याच योजनेत बसत नाही. सकाळी ड्युटीवरून येऊन ते झोपले की ती त्यांना हात लावून कधी उठवत नसे. उंबऱ्याशी उभी राहून, दोन हात लांबून, "अहो" म्हणून हाक मारायची. तीनदा, दर वेळी थोडी मोठ्याने. आम्हालाही हेच शिकवलं होतं. कुकर ते घरी नसताना लावायचा. भांडी आपटायची नाहीत. चाळीत सगळ्यांची दारं दिवसभर उघडी, आमचं बंद. कोणी विचारलं तर आईची सबब तयार, माणूस रात्रपाळीचा आहे. कॅन्टीनच्या रमचा हिशेब तीच ठेवायची. तुम्हाला हे आवडणार नाही, तरी लिहिते. पेन्शन आलेल्या जवानाला दरमहा स्वस्तात दारूचा कोटा मिळतो, आणि तो नियमाने, न मागता, कार्ड दाखवलं की मिळतो. त्याच कार्डावर वर्षातून एकदा कोणी शांतपणे समोर बसून "झोप लागते का?" असं विचारलं असतं, तर आमच्या घरातल्या निम्म्या बाटल्या आल्या नसत्या. उरलेल्या निम्म्या आल्याच असत्या, हेही खरं. नातेवाईक म्हणायचे, फौजी माणूस, असायचाच असा.

वडील फौजेतून सुटले ते "शेप वन". तुम्ही सगळे लष्करातूनच आलेले आहात, तुम्हाला समजावायला नको, वाचकांसाठी लिहिते. फौजेत जवानाची प्रकृती पाच अक्षरांत मोजतात. त्यातलं पहिलं, एस, मनाचं. मग कान, हातपाय, एकूण शरीर, डोळे. पाचही ठिकाणी एक म्हणजे माणूस ठणठणीत. एसच्या पुढचा आकडा वाढला तर बढती अडते, पोस्टिंग अडतं, आणि पलटणीत कुजबुज होते ती वेगळीच. मग मनाचं कोण सांगेल? सुटतानाच्या मेडिकल बोर्डासमोर ते मिनिटभर "सब ठीक है सर" म्हणाले असतील. पण ज्या बाईला पुढे तीस वर्षं उंबऱ्यातून हाक मारायची होती, तिला कोणी विचारलं नाही.

शिवाय हा आजार बोर्डाची तारीख पाळत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा हा मनाचा आजार, अधिकृत निदानांच्या यादीत घातला, तेव्हापासून एवढं तरी सगळ्या जगाला कळलं आहे की लक्षणं उशिरा, कधी कधी वर्षांनी डोकं वर काढतात. नोकरीचा दिनक्रम, सोबतीची माणसं, हुकूम, या सगळ्याने माणूस उभा राहिलेला असतो. ते सुटलं की पडझड सुरू होते. म्हणजे फौजेच्या डॉक्टरसमोर नाही, आमच्यासमोर. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९७९ मध्ये वस्तीवस्तीत समुपदेशन केंद्रं काढली, दवाखान्यापासून वेगळी, आणि तिथे आज बायकामुलांनाही बोलता येतं. अमेरिकेची सगळी नक्कल करा असं मी म्हणणार नाही. तिथले माजी सैनिक रस्त्यावरही झोपतात. पण एवढी एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ साली आली, तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी पुढे पाठवतात. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं. पण ईसीएचएसच्या कार्डावर मुलगा पंचवीसचा झाला किंवा कमवायला लागला की त्याचं नाव जातं, मुलीचं लग्न झालं किंवा नोकरी लागली की तिचंही. नियम म्हणून बरोबर असेल. पण या घरात वाढलेल्या मुलाला आपल्यात काहीतरी वेगळं आहे हे कळतं तेच मुळी तिशीनंतर. मी आजही हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसते. कुलपात किल्ली फिरल्याच्या आवाजावरून येणाऱ्याचा मूड ओळखते. नवऱ्याने खळखळून हसायला सुरुवात केली की माझ्या पोटात गोळा येतो, हे त्याला समजावायला मला वर्षं लागली. मी लढाई पाहिलेली नाही. माझी नोंद कुठल्याच कार्डावर नाही, आणि असावी असा माझा हट्टही नाही. पण मी पंधरा वर्षांची असताना कोणीतरी एवढं सांगायला हवं होतं की हे तुझ्यामुळे होत नाहीये.

वडिलांचं निदान झालं तेही योगायोगाने. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, रात्रपाळी संपली, आणि पहिल्यांदाच ते सगळ्या रात्री घरात राहू लागले. तोवर आम्ही चाळ सोडून फ्लॅटमध्ये आलो होतो. रात्री दोन वाजता ते जिन्यात उभे असायचे, काठी घेऊन. छातीत धडधडतं म्हणून एका महापालिका रुग्णालयात नेलं. हृदयाचं काही निघालं नाही. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने केसपेपरवर "माजी सैनिक" वाचून विचारलं, "काका, कुठे होतात?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न त्यांना कोणी नोकरीचा फॉर्म भरायला नाही, तर उत्तर ऐकायला विचारला होता. तिने मानसोपचार विभागात पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. आमच्याशी नाही, तिथल्या समुपदेशकाशी. झोप आता पुष्कळ बरी आहे. चमत्कार झालेला नाही. ७ मे २०२५ ला देशभर हवाई हल्ल्याच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं, घरोघरी टीव्हीवर अँकर ओरडत होते, सोसायटीच्या ग्रुपवर मंडळी एकमेकांना चेव आणत होती, तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसले. दोन दिवस निवडत होते. एवढे तांदूळ आमच्याकडे नव्हतेच. आई निवडलेले परत डब्यात ओतायची आणि पुन्हा समोर ठेवायची.

पत्र आत्ताच का, हे सांगते. दादाचा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. उंच झालाय, आवाज फुटतोय. आजोबांवर त्याचा फार जीव. या दिवाळीत तो राहायला आला आणि तिसऱ्या दिवशी वडील मला म्हणाले, "त्याला सांग, पंखा बंद कर." मुलगा समोरच बसला होता. दादा उठला आणि बॅग भरायला लागला.

म्हणून मागणी पुन्हा, जरा खुलासेवार. नोंदणीच्या वेळी घरच्यांशी वेगळं बोलणं आणि पुढे दोन-तीन वर्षांनी एकदा पुन्हा, कारण पहिल्या खेपेला आम्ही "सगळं ठीक" असंच म्हणणार. मुंबईच्या दोन्ही कार्यालयांत आठवड्यातून एखादा दिवस समुपदेशक बसावा, आणि तो संध्याकाळी किंवा रविवारी बसावा. बारा-बारा तासांच्या ड्युटीचा गार्ड आणि घरकाम करणारी त्याची बायको दुपारी अकरा ते चारमध्ये येऊ शकत नाहीत. समुपदेशक फौजेतला नसला तर उत्तम. वर्दीतल्या माणसासमोर वडील आजही सावधानमध्ये उभे राहतात. आणि एक साधी मराठी पुस्तिका काढा, चार पानांची: झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं, कशाने बिनसतं ते कसं ओळखायचं, मुलांना काय सांगायचं, कुठे फोन करायचा. शब्द सोपे ठेवा. "मानसिक आरोग्य जनजागृती" असं वर छापलंत तर ती कोणी घरी नेणार नाही. पेन्शनच्या माहितीपत्रकाच्या आत घाला.

यावर मला आधीच एक आक्षेप ऐकू येतो, वडिलांच्या जुन्या सोबत्यांकडून तो आलाही आहे: सगळ्या फौजींना वेडं ठरवू नका. नाहीच ठरवत. बहुतेक जण येतात आणि नीट जगतात. काकांच्या मेव्हण्यांनी ६५ आणि ७१ दोन्ही पाहिली आणि ते गावात कीर्तन करत ऐंशीपर्यंत मजेत होते. पण ज्यांचं तसं होत नाही, ते स्वतः येऊन सांगत नाहीत, म्हणून घरच्यांना विचारा म्हणते आहे.

हे पत्र पाठवण्याआधी वडिलांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं. एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं आहे. कॅन्टीनचा परिच्छेद राहू दे म्हणाले, आणि परमेश्वरन साहेबांचं नाव बरोबर लिहिलंयस का ते तपास म्हणाले. तपासलं.

पुस्तिकेचा मजकूर लिहायला मी तयार आहे, मानधन नको. तुमच्याकडून कोणी भेटणार असेल तर संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी कधीही बोलवा. आई यायला तयार आहे; तिने तिला काय सांगायचं आहे ते एका वहीत लिहायला घेतलं आहे. दादा पुण्याहून येईल. वडिलांचं आत्ताच सांगता येत नाही.

कळावे,
आपली,
एका निवृत्त हवालदाराची मुलगी
भांडुप, मुंबई